ही हिचीच लेक

गारखेड्यातल्या आमच्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्यानं द्यायचो. एका वर्षी तिथं येमेनचं जोडपं राहायला आलं. तो विद्यापीठात पीएच.डी. करत होता, ती नुकतीच लग्न होऊन आलेली. शहरात तेव्हा येमेनची बरीच मुलं शिकत होती, त्यामुळं गल्लीला त्याचं काही नवल वाटलं नाही. मला वाटलं, कारण दुसऱ्याच दिवशी ती जिना उतरून खाली आली आणि मला "खाला" म्हणाली. मला वाटलं, हिला हे कुणी शिकवलं? तर शब्द तिच्या अरबीतलाच. माझ्या माहेरी, पाचोडला, आमच्या शेजारच्या मुसलमान घरातली पोरं मावशीला खालाच म्हणायची.

मी नुकतीच निवृत्त झाले होते. सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागले आणि अधीक्षक होऊन बाहेर पडले. पत्र लिहिणं माझ्या हातचा मळ. विषय किती ओळींचा असावा, संदर्भ कुठं द्यावा, कोणत्या वाक्यावर साहेबाची सही अडते, सगळं तोंडपाठ. निवृत्तीनंतर त्याचा काही उपयोग उरला नाही, याची मला जरा हळहळच होती.

ती दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात असायची. माझ्याकडून मराठी शिकली, भाजीवाल्याकडून दखनी, आणि दोन्ही एकाच वाक्यात बोलायची. तिला दिवस गेले. नववा महिना लागल्यावर नवरा कामानिमित्त पुण्याला गेला आणि नेमक्या त्याच दुपारी तिला कळा सुरू झाल्या. आमच्या ह्यांनी रिक्षा आणली. मी तिला घेऊन दवाखान्यात गेले. मुलगी झाली. नर्सनं दुपट्यात गुंडाळून ती आधी माझ्याच हातात दिली, कारण बाहेर दुसरं कुणी नव्हतंच.

तिथल्या कारकुनानं जन्मनोंदीसाठी आईचं नाव विचारलं. तिनं स्वतःचं सांगितलं. नवऱ्याचं? तेही सांगितलं. आडनाव? नवऱ्याचं जे शेवटचं नाव होतं ते सांगितलं. त्यानं आपल्या पद्धतीप्रमाणं तिन्ही जोडली. त्यात काही चुकलं असं त्याला, मला किंवा तिला वाटायचं कारणच नव्हतं.

पोर चालायला लागली तेव्हा तिकडून निरोप आला. तिची आई फार आजारी होती, नातीचं तोंड बघायचं म्हणत होती. नवऱ्याची तोंडी परीक्षा तोंडावर आलेली, त्याला निघता येईना. मायलेकींनीच जायचं ठरलं. पोरीचा येमेनचा पासपोर्ट मुंबईहून करून आणलेला होता, पण त्यावर व्हिसा नव्हता. असणार कसा? ती कुठून आलीच नव्हती. अशा लेकराला देश सोडायला पोलिसांच्या परदेशी नागरिक शाखेतून एक्झिट परमिट घ्यावं लागतं.

"जी आलीच नाही, तिला जायची परवानगी?" मी तिच्या नवऱ्याला विचारलं.

"हां खाला. और मकानमालिक का खत लगता," तो म्हणाला. तोही आता आमच्यासारखंच बोलत होता.

मला बरंच वाटलं. त्याच संध्याकाळी बसून पत्र लिहिलं. हे कुटुंब आमच्याकडं किती काळ राहतं, भाडं वेळेवर देतं, वर्तणूक चांगली आहे, कोणाची तक्रार नाही. अर्ध्या पानात सगळं बसवलं. एवढं नीटनेटकं पत्र त्या शाखेनं पाहिलं नसेल, अशा थाटात मी त्यांच्याबरोबर निघाले.

टेबलामागं एक वयस्क फौजदार होते, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी माझं पत्र वाचलं, मान हलवली. मग पोरीचा जन्मदाखला आणि आईचा पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले.

"पत्र चांगलं आहे मॅडम. पण मला एक सांगा, ह्या पोरीची आई कोण?"

मी वाकून पाहिलं. दाखल्यावर तिचं नाव, नवऱ्याचं नाव, नवऱ्याचं आडनाव. पासपोर्टवर तिचं नाव, तिच्या बापाचं, आजोबाचं आणि मग त्यांच्या घराण्याचं. पहिला शब्द सोडला तर दोन वेगळ्याच बायका.

"बाप बरोबर जात असता तर मी एवढं बघितलं नसतं," फौजदार म्हणाले. "एकटी बाई लेकरू घेऊन देशाबाहेर चाललीय आणि कागद म्हणतो ही त्याची आई नाही. उद्या विमानतळावर कुणी हेच विचारलं तर तिथं मी नसणार, तुम्ही नसणार. हिला बसवून ठेवतील."

माणूस बरोबर बोलत होता. नवऱ्याचा चेहरा उतरला. दाखला दुरुस्त करायचा म्हणजे वेळ जाणार, आणि तिकडं म्हातारीचा भरवसा नाही. तिला आधी काही उमजलं नाही. उमजलं तेव्हा तिनं पोरीला घट्ट धरलं आणि माझ्याकडं वळली.

"खाला, मैं इसकी माँ नाय?"

हे पत्र लिहून सुटण्यासारखं आहे, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. मी म्हटलं, "साहेब, ही हिचीच लेक आहे. मी होते दवाखान्यात."

"मग तेच लिहा ना! भाड्याचं कशाला लिहिलंय एवढं?"

घरी आल्यावर मी तिला समोर बसवलं. "लग्नात तुझं नाव बदललंच नाही?"

"का बदलायचं?" ती म्हणाली. "लगीन झालं तरी मी माझ्या बापाचीच लेक ना?"

माझं तर पहिलं नावसुद्धा लग्नात बदललं होतं. ह्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलं आणि मी दुसरी झाले. पुढं नोकरीला लागताना मॅट्रिकच्या प्रमाणपत्रावर एक नाव आणि नेमणुकीच्या आदेशावर दुसरं. दोन्ही मीच, हे सिद्ध करायला मला किती हिंडावं लागलं होतं! पाचोडच्या हेडमास्तरांनी शेवटी लिहून दिलं होतं की ही मुलगी माझ्या समोरच्या बाकावर बसून शिकली, लग्नानंतर तिचं नाव अमुक झालं, ती हीच. बास, एवढ्यावर माझी नोकरी झाली. त्यामुळं असं पत्र कसं असतं ते मला ठाऊक होतं.

मी नव्यानं लिहिलं. मी काय पाहिलं तेवढंच. दुपारी हिला रिक्षात घालून नेलं, बाळ पहिल्यांदा माझ्या हातात दिलं, त्या दिवसापासून ते माझ्या डोळ्यांसमोर वाढलं. आपल्याकडं बाईच्या नावापुढं नवऱ्याचं नाव लावतात, यांच्याकडं बापाचं लावतात, म्हणून दोन कागदांवर दोन नावं दिसतात. बाई एकच आहे. विद्यापीठातल्या तिच्या नवऱ्याच्या मार्गदर्शकांकडूनही नावाच्या रीतीबद्दल दोन ओळी आणवल्या.

राहिल्या बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरीणबाई. बाहेर बायकांची रांग. त्या म्हणाल्या, "अहो, एवढी बाळंतपणं होतात, मला कसं आठवणार?"

"जी कळा देताना अरबीत ओरडत होती आणि मधेच मराठीत 'लई झालं, लई झालं' म्हणत होती, ती."

त्या मोठ्यानं हसल्या. आठवलं. मी मसुदा तयारच नेला होता. त्यांनी तो वाचला आणि 'सुस्वभावी' हा शब्द खोडला. "स्वभाव नाही तपासला मी. बाळंतपण केलं." मग त्यांच्या कागदावर, त्यांच्या शिक्क्यासह लिहून दिलं की या पासपोर्टवर जिचा फोटो आहे, तिचंच बाळंतपण आपण केलं.

पुन्हा गेलो. फौजदारांनी तिन्ही पत्रं सावकाश वाचली. मधे कुठं थांबले नाहीत, तेव्हा मी खुर्चीत जरा रेलले. आणि तेवढ्यात पोर रडायला लागली. आईनं थोपटलं तर आणखीच रडली, आणि दोन्ही हात पसरून माझ्याकडं झेपावली. माझ्या गळ्याला मिठी मारली आणि गप्प झाली.

फौजदारांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "मॅडम, आता काय लिहू? लेक कोणाची?"

नवरा घाबरला. मी म्हटलं, "तिला भूक लागलीय साहेब. खायचं माझ्या घरी मिळतं हे तिला ठाऊक आहे. आईकडं ती झोपायला जाते."

ते हसले, शिपाई हसला, मग ती पण हसली. तिनं पिशवीतून भाकरीचा तुकडा काढून पोरीच्या हातात दिला. पोर लगेच तिच्याकडं गेली. "अस्सं," फौजदार म्हणाले आणि आईला सही कुठं करायची ते दाखवलं.

काही दिवसांनी परवाना मिळाला. नवरा त्यांना मुंबईपर्यंत सोडून आला. विमानतळावर खरंच विचारलं म्हणे नावाबद्दल. तिनं डॉक्टरीणबाईंच्या पत्राची प्रत पुढं केली आणि त्यांनी शिक्का मारला. हे तिनं पोचल्यावर फोनवर सांगितलं. आई उठून बसली होती, नातीला मांडीवर घेतलं होतं. पोर तिथं सगळ्यांना "पाणी दे" म्हणते आणि कुणाला कळत नाही, असंही म्हणाली.

त्याची परीक्षा झाली, तोही गेला. जाण्याआधी त्यानं माझं नाव साऱ्या विद्यार्थ्यांत केलं असावं, कारण पुढं येमेनची मुलं पत्रासाठी माझ्याकडं येऊ लागली. मी बसवून घेते, विचारते, आणि ज्याला जे ठाऊक आहे ते त्याच्याकडूनच लिहून आणायला लावते. एक जण तर टाइप केलेलं पत्र घेऊन आला, नुसती सही मागायला. तो माझ्याकडं कधी राहिला नव्हता. मी म्हटलं, "बाबा, मी पाहिलं नाही ते मी लिहीत नाही. तुझ्या घरमालकाला आण." तो रागावून गेला आणि संध्याकाळी खरंच घरमालकाला स्कूटरवर बसवून घेऊन आला. त्या गृहस्थांना अर्जापलीकडं काही लिहायची सवय नव्हती. मी चहा दिला आणि म्हटलं, "तुम्ही नुसतं बोला. हा कधी आला, काय करतो, तुम्ही काय पाहिलं." ते बोलत गेले आणि आपल्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहीत गेले. मी एकच काना दुरुस्त केला. पत्र चाललं.