साडूभाऊंची मरणाची तालीम

स्वतःच्या मरणाची तयारी इतक्या आनंदानं करणारा माणूस आमच्या थोरल्या साडूंशिवाय उभ्या बारामती तालुक्यात सापडायचा नाही. एमआयडीसीतल्या दूध कारखान्यात हयात घालवून ते कोऱ्हाळ्याला ऊस बघत बसले खरे, पण जीव सगळा पेन्शनमध्ये. महिन्याच्या सुरुवातीला बँकेचा मेसेज वाजला की खोरं बांधाला टेकवून आधी तो वाचणार, मग मला फोन. "पाव्हणं, आली बरं का! सरकार अजून शाबूत हाय."

वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो तर त्यांचा सणच. उसाच्या पाचटानं अंगठ्याच्या रेषा झिजतात आणि मशीन ओळख देत नाही, म्हणून दिवाळी झाली की ते पाचटाला हात लावत नाहीत, अंगठ्याला खोबरेल चोळत बसतात. त्या दिवशी दाढी, कटिंग, कडक इस्त्रीचा सदरा. मशीनला नुसता अंगठा लागतो, असं मी एकदा सांगून पाहिलं. "आसंल," ते म्हणाले, "पण जिवंत हाय म्हणून सांगाय जायचं, तर माणसानं जिवंत दिसाय नगं व्हय?"

घोर एकच. आपल्यामागं बायकोला अर्धी पेन्शन मिळेल, पण ती आणायची कुणी? मूलबाळ नाही, आणि अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, कधी एकटी बँकेची पायरी चढलेली नाही. म्हणून त्यांनी तालीम सुरू केली. जेवता जेवता विचारायचे, "समज, मी गेलो. आता तू पैलं काय करणार?"

"पैलं तुमचं ताट उचलणार," अक्का म्हणायच्या. शेजारणी अभद्र म्हणून कानांवर हात ठेवायच्या, आणि हे दोघं हसायचे.

मग तालीम थेट बँकेत न्यायची ठरली. अक्कांनी एकटीनं आत जायचं, विधवेला काय काय कागद लागतात ते विचारायचं, आणि साडूंनी बाहेर बाकावर 'गेलेलं' असायचं. पहिल्या खेपेला साहेबांनी हळहळून विचारलं, "मालक कधी वारले?" अक्का म्हणाल्या, "मगाशीच. भायेर बाकावर बसल्यात." तेवढ्यात खिडकीतून मयताचाच आवाज आला, "अगं, डावीकडच्या खिडकीला इचार!"

गेल्या महिन्यात मीच दोघांना गाडीतून घेऊन गेलो. माझंही काम होतं, म्हणून अक्कांच्या मागं रांगेत उभा राहिलो. त्यांनी पासबुक भरून घेतलं, मशीनवर अंगठा दिला, कागद कोणते ते घडाघडा सांगितले, वर दुसऱ्या एका म्हातारीला खिडकी दाखवली. साहेब खूश होऊन म्हणाले, "आजी, आता तुम्हाला कुणाचीच गरज नाही."

अक्कांचा चेहरा एकदम उतरला. पदर सावरत त्या दारात जरा थांबल्या. बाकावर साडू मान उंचावून वाट बघत होते. त्यांच्यापाशी जाऊन अक्का म्हणाल्या, "अवो, समदा घोटाळा झाला. मला काय बी सुदरलं न्हाय."

साडूंची कळी खुलली. "बघा पाव्हणं! लई कच्ची हाय अजून. मला एवढ्यात जाऊन चालायचं न्हाय."

मी बोलायला तोंड उघडलं. अक्कांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. मी गाडीचं दार उघडलं, आणि साडूभाऊ आधी त्यांना बसवून मग स्वतः बसले.