जांभळी रेघ

मंडळी, टेस्टर लावल्याशिवाय वायरीत करंट आहे हेसुद्धा मी मानत नाही. भुताखेताच्या गोष्टी कोणी काढल्या की मी आधी चहा मागवतो, कारण तासभर जाणार हे नक्की! त्यामुळे हे मीच लिहितोय म्हणून घरचे हसताहेत...

केनवडला माझं मिक्सर-कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. काम शिकलो खलीलचाचांकडे. असा उस्ताद अख्ख्या पंचक्रोशीत झाला नाही, हे मी छातीठोक सांगतो. दुरुस्ती झाली की चाचा मशीनच्या झाकणाच्या आतून शाळकरी पोरांच्या तेलखडूंनी वायरिंगची डायग्राम काढत. ज्या रंगाची वायर, त्याच रंगाची रेघ. अर्थिंगला पुस्तकातली खूण नाही, झाडाचं मूळ!

"बेटा, आपल्या मांगून जो खोलन, त्याले वाट दिसली पायजे," म्हणायचे.

चाचा वारले, पण ती पद्धत मी सोडली नाही.

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी सुनंदाताईंनी बोलावलं. नवऱ्यामागे त्या घरघंटीवर लोकांची दळणं करून दोन पोरींना शिकवतात. त्या घरघंटीतल्या वायरी उंदरांनी कुरतडल्या होत्या. आत चिकटवलेली कंपनीची डायग्रामसुद्धा पार फस्त... पिठाची चव लागलेली ना! मोबाईलवर शोधली तर भलत्याच मॉडेलच्या डायग्राम येत होत्या. कंपनी बंद पडलेली, विचारणार कोणाला? मोटरच्या वायरी मीटरनं ओळखल्या, पण दाराचा स्विच आणि दळण संपलं की मोटर बंद करणारा ऑटो-कट यांचा गुंता काही सुटेना.

"अंदाजानं नोका जोडू, भाऊ," ताई म्हणाल्या. "मोटर जळली त दुसरी घ्याची ताकत नाई मायी. पोरीइची शाळा बंद होईन."

मी हात टेकले. काढलेली मागची फळी भिंतीला लावताना तिच्या आतल्या बाजूचं पीठ झडलं आणि खाली रंगीत रेघा दिसल्या. कोपऱ्यात झाडाचं मूळ!

खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. चाचांनी कधीतरी हे मशीन उघडलं असणार. काय सुरेख मांडणी होती - एक रेघ दुसरीवर चढलेली नाही. फक्त ऑटो-कटपासून मोटरकडे जाणारी रेघ जांभळी होती, पण तिथलं कुरतडलेलं टोक लाल होतं आणि मशीनमध्ये जांभळी वायर कुठेच नव्हती. म्हाताऱ्याचा लाल खडू संपला असेल म्हणून मी हसलो आणि रेघांप्रमाणे जोडत गेलो.

शेवटी ऑटो-कट ते मोटर एवढंच राहिलं आणि माझ्याकडची लाल वायर संपली. दुकानात जायला उठलो, तर ताईंनी मोडक्या पंख्यातला एक तुकडा आणला.

"ह्यानं भागन का, भाऊ?"

तुकडा जांभळा होता.

मी तोच जोडला. बटण दाबलं. घरघंटी एका दमात सुरू झाली आणि ताईंनी तिला हात जोडले. मग मी विचारलं, "ताई, चाचा कधी आले होते हिच्यासाठी?"

"चाचा? ते गेल्यावर त घेतली मी. खोकं मीच फोडलं. आज पैल्यांदाच खोलून राह्यले तुमी."

कारखान्यातल्याच कोणीतरी काढलं असेल, असं मित्र म्हणतात. असेलही... पण ते मूळ? आणि तो जांभळा रंग?

त्या दिवशी काम संपल्यावर सवयीनं खिशातून तेलखडू काढले आणि फळीकडे वळलो. काढायला काही उरलंच नव्हतं.