बदलापूरचा दुसरा रस्ता

पत्रिका, शकुन, मांजर आडवं जाणं... यातलं मी कधीच काही मानलं नाही. मामाचं दिवसकार्यही आईच्या समाधानासाठी केलं. तरी हे लिहिते आहे.

विलासमामा अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं नेटवर्क सांभाळायचा. मला त्यानेच शिकवलं. म्हणायचा, "राउटर म्हणजे स्टेशनबाहेरचे रिक्षावाले गं. एक रस्ता खणला की एकमेकांना सांगतात, सगळे आपोआप दुसरीकडून वळतात. साहेब काही नकाशे वाटत बसत नाही." तो गेला आणि त्याची जागा मला मिळाली, तीन महिन्यांच्या बोलीवर.

कारखान्यातून बदलापूरच्या गोदामाला एक सरळ लाईन जाते. दुसरी, राखीव, उल्हासनगरच्या ऑफिसवरून. मागच्या महिन्यात भर दुपारी जेसीबीने सरळ लाईन तोडली. मी राउटरची सेटिंग उघडून पाहिली आणि माझीच चूक समोर आली. तीन आठवड्यांपूर्वी नवा राउटर बसवताना उल्हासनगरच्या लाईनवर मीच चुकून 'पॅसिव्ह' लिहिलं होतं. म्हणजे पलीकडच्या राउटरशी बोलूच नकोस! बोलणं नाही तर दुसरा रस्ता नाही. गोदाम ठप्प... आणि बहुतेक माझी नोकरीही.

गोदामातल्या गायकरभाऊंना फोन लावला.

"भाऊ, सॉरी, लाईन तुटलीय, जरा वेळ—"

"कुठली लाईन? इथं मालाची चलनं पटापट निघतायत. तू चहा पी पोरी, उगाच टेन्शन घेते!"

मामा गेल्यावर त्या ऑफिसात मी पहिल्यांदाच मोठ्याने हसले.

मग नीट पाहिलं. सगळं खरंच उल्हासनगरवरून जात होतं. 'पॅसिव्ह' जागच्या जागी. आणि राउटर ज्यांच्याशी बोलतो त्या शेजाऱ्यांच्या यादीत उल्हासनगरचा राउटर — बोलणं अखंड चालू, एक वर्ष दोन महिने. मामाने ती लाईन जोडली तेव्हापासून. पण माझा राउटर तर तीन आठवड्यांचा!

साहेबांना सगळं खरं सांगितलं.

"चूक तुझी, मग बंद का नाही पडलं?"

"माहीत नाही, सर."

"बरं. आधी दुरुस्त कर, मग घाबर."

दुरुस्त केलं की तो आकडा पुसला जाणार, हे कळत होतं. थोडा वेळ नुसती बघत बसले. मग 'पॅसिव्ह' काढलं. आकडा शून्यावर आला... एक सेकंद, दोन सेकंद.

नोकरी पक्की झाली. जाणकार म्हणतात, स्क्रीनवर चुकीचा आकडा दिसला असेल. असेलही. पण त्या दुपारी गायकरभाऊंची चलनं कुणाला विचारून वळली, ते मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही.