तिरपी पिवळी रेघ

धर्मपाल तायडे दिवसाला चार सिगारेटी ओढायचा आणि त्याच्या शाळेच्या तंबाखूमुक्ती समितीचा प्रमुखही तोच होता. यात कोणाला हसू आलं तर येऊ द्यावं, धर्मपालला मात्र ते कधी आलं नाही. समिती त्याच्या गळ्यात पडली ती तो विज्ञान शिकवायचा म्हणून, आणि काळवंडलेल्या फुप्फुसाचं चित्र फळ्यावर त्याच्याइतकं हुबेहूब कोणाला जमत नसे म्हणून. मुख्याध्यापिका कुंदा मॅडमनी विचारलं होतं, "सर, तुम्हाला तर काही व्यसन नाही ना?" धर्मपाल म्हणाला, "नाही मॅडम." पुढचं सगळं लचांड या दोन शब्दांनी उभं केलं.

अमरावतीत ही शाळा एका आडव्या रस्त्यावर आहे. फाटकातून निघून पुढे चालत गेलं की उजव्या हाताला पुंजारामचा पानठेला लागायचा आणि त्याच्या अगदी समोर, रस्त्याच्या डाव्या बाजूला, दुर्गाबाईची हातगाडी. पुंजारामकडे पान, तंबाखूचा खर्रा, सिगारेट, सगळं. दुर्गाबाईकडे फुटाणे, मुरमुरे, गोळ्या-बिस्किटं आणि डब्याच्या मागे बिडीचे दोन-चार कट्टे, जुन्या गिऱ्हाइकांसाठी. मधल्या सुट्टीत धर्मपाल पुंजारामच्या ठेल्यामागे जाई. तिथे कडुनिंबाला बांधलेला पोत्याचा पडदा होता. त्याच्या आड उभं राहून तो एक सिगारेट ओढी, बडीशेप चघळी आणि पाचव्या तासाला वर्गात जाई.

सिगारेट सुट्टी, म्हणजे एकेक करून, विकायची नाही असा कायदा झाला, तेव्हा या पडद्याला खरी किंमत आली. सुट्टी हवी तर ओळख हवी. पुंजाराम धर्मपालला पाहिलं की विचारत नसे, कागदात गुंडाळलेली एक हातात ठेवी. ठेल्यावर या कायद्यांची रोज चिरफाड व्हायची. देवानंद नावाचे एक बँकेतले बाबू त्यात पुढे. ते म्हणायचे, "पाकिटावर सडलेला गळा छापते सरकार. आपून पाकीट घेतच नाई, सुट्टी घेतो. मंग पायते कोण तो गळा?" भाव वाढला की चार दिवस सगळे सोडायच्या गोष्टी करायचे. पाचव्या दिवशी लांबवाले आखूडवर यायचे, आखूडवाले बिडीवर, आणि पुंजाराम म्हणायचा, "सोडणारा कोणी नाई सर, खाली उतरणारे सगळे."

धर्मपालही उतरला होता. पांढऱ्या लांब फिल्टरवाल्या सिगारेटीवरून आखूडवर, आखूडवरून बारीकवर. पण बिडीवर नाही. त्याचा बाप कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होता आणि त्याच्या कानावर कायम बिडी असायची. घरातला पहिला बी.एस्सी., बी.एड. म्हणजे धर्मपाल. होस्टेलात पहिली सिगारेट ओठात धरली तेव्हा धुरापेक्षा तिचा पांढरा रंगच त्याला जास्त चढला होता. बिडी हमालाची, सिगारेट साहेबाची, हे गणित तेव्हापासून डोक्यात बसलं. मागच्या भाववाढीत त्याने एकदा गच्चीवर बिडी पेटवून पाहिली. दोन झुरक्यांत बापाच्या सदऱ्याचा वास आला. त्याने ती विझवली आणि कितीतरी वेळ तिथेच उभा राहिला. बापाच्या वासाची आपल्याला लाज वाटते, याची त्याला लाज वाटली. बायकोला, ललिताला, यातलं काही सांगण्यासारखं नव्हतं. ती बिचारी नवरा वर मोबाईलवर बोलतोय असं समजत होती.

दुर्गाबाई त्याच्या बापाच्या गल्लीतली. तिचा नवरा आणि धर्मपालचा बाप एकाच जिनिंगमध्ये गाठी उचलायचे. अख्ख्या रस्त्यावर त्याला 'सर' न म्हणता 'धरम' म्हणणारी ती एकटी. आईबाप गेल्यावर जी काही वडीलधारी उरली ती हीच. आणि आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या देखत धूर काढत नाहीत. मग माणूस पन्नाशीचा असो, पेन्शनीला आलेला असो. तिच्याकडून त्याने कधी गोळीसुद्धा घेतली नाही, तोंडाचा वास येईल म्हणून. नशीब म्हणायचं तर एवढंच, की मधल्या सुट्टीच्या सुमारास दुर्गाबाई आपलं लाकडी स्टूल फिरवून भिंतीकडे तोंड करून बसायची आणि फुटाणे निवडत राहायची. ऊन डोळ्यांवर येतं म्हणून, असं धर्मपालला वाटे. ते ऊन त्याला फार सोयीचं होतं.

मग अकोल्याला प्रशिक्षण झालं. शाळा तंबाखूमुक्त कशी करायची याचं. चहाच्या सुट्टीत धर्मपाल सभागृहाच्या मागे गेला तर तिथे आणखी सहा मास्तर आधीच उभे, सगळ्यांच्या छातीवर 'तंबाखूमुक्त शाळा' असे बिल्ले. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. एकाने बिल्ला काढून खिशात ठेवला, ओढून झाल्यावर पुन्हा लावला. तिथून धर्मपाल एक फाईल आणि एक काम घेऊन परतला. शाळेपासून शंभर यार्डांवर, म्हणजे एक्याण्णव मीटरच्या थोडं पुढे, रस्त्यावर पिवळी रेघ मारायची. रेघेच्या आत तंबाखूचं दुकान नको.

कामाला शाळेचा शिपाई नत्थुजी आणि तीस मीटरची टेप. आधी डावी बाजू मोजली. दुर्गाबाईची गाडी पंच्याऐंशीवर आली. तिच्या पुढे सहा मीटरवर खडूची खूण झाली. हिशेब सरळ होता, समोरचा पुंजारामही आतच येणार. तेव्हा कुठे धर्मपालच्या लक्षात आलं. पडदा जाणार होता. ओळख जाणार होती. दुसरा कोणता ठेलेवाला मास्तरला न बोलता सुट्टी देईल, आणि शाळेत येऊन सांगणार नाही?

उजवी बाजू मोजताना त्याने टेपचं शून्य स्वतःच्या हातात घेतलं. नत्थुजी पुढचं टोक घेऊन गेला. पहिली टेप धर्मपालने फाटकाच्या आतून सुरू केली. दुसऱ्या वेळी चार पावलं मागे सरकून शून्य टेकवलं, तिसऱ्या वेळीही तसंच. नत्थुजीची पाठ त्याच्याकडे होती. उजवी खूण पुंजारामच्या अलीकडे चांगली तीन मीटर पडली. दोन्ही खुणा जोडून नत्थुजीने रेघ मारली ती अर्थातच तिरपी आली, डावीकडून दुर्गाबाईला पोटात घेत आणि उजवीकडून पुंजारामला सोडत.

नत्थुजी ब्रश हातात घेऊन रेघेकडे पाहत राहिला. "सर, वाकडी दिसून राहिली."

"रस्ताच वाकडा आहे," धर्मपाल म्हणाला.

पोरं, पालक, रिक्षावाले, जो तो ती रेघ पाही आणि नत्थुजीला विचारी, "काहून नत्थुजी, घेऊन मारली का रेघ?" नत्थुजी माळकरी माणूस, दारूला शिवत नसे. पहिले काही दिवस त्याने सर्वांना समजावलं, मग हसून सोडायला लागला. धर्मपाल हे स्टाफरूमच्या खिडकीतून ऐकायचा. खाली जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. ते त्याच्याने झालं नाही. फोटो मात्र त्याने असा काढला की रेघ सरळ दिसेल, आणि तो फाईलला लावला. शाळेला प्रमाणपत्र मिळालं. कुंदा मॅडमनी ते कार्यालयात फ्रेम करून लावलं, त्यावर समितीप्रमुख म्हणून धर्मपालचं नाव.

तपासणीचं पथक आलं ते जानेवारीत. त्यांनी रेघ पाहिली, फाईल पाहिली आणि रेघेच्या आतली गाडी पाहिली. डब्यामागचे बिडीचे कट्टे निघाले. धर्मपाल साहेबांच्या शेजारीच उभा होता, हातात फाईल. एक साहेब म्हणाले, "सर, तुमच्यासारखे शिक्षक पाहिजेत." गाडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवली गेली. फुटाण्यांचा डबा उघडा राहिला होता, तो वाटेत सांडला. दुर्गाबाई स्टूल तेवढं उचलून बाजूला झाली. ती समोर पुंजारामच्या ठेल्याकडे बोट दाखवेल, म्हणेल की तो माझ्याबरोबरीला आहे, मोजून पाहा, याची धर्मपालने वाट पाहिली. तिने बोट दाखवलं नाही. तिने धर्मपालकडे पाहिलं, आणि लगेच नजर काढून घेतली, चूक तिचीच असल्यासारखी.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत तो पडद्याआड गेला. पुंजारामने कागदातली हातात ठेवत म्हटलं, "वाचलो सर, तुमच्या किरपेनं." धर्मपालने सिगारेट पेटवली. समोर स्टूल नव्हतं, निवडायला फुटाणे नव्हते, नुसती भिंत होती. त्याला तो धूर गिळवेना. आपण फळ्यावर काढतो ते काळं फुप्फुस बरं, असं त्याला वाटलं. आपल्या आत त्याहून घाण काहीतरी बसलं आहे.

रविवारी सकाळी तो जुन्या गल्लीत गेला. दुर्गाबाई ओट्यावर ज्वारी पाखडत होती. बाजूला तेच स्टूल. तिने ते पुढे सरकवलं.

"बस धरम. चाय मांडतो."

"चहा नको, काकू. मला काही सांगायचं आहे." धर्मपाल उभाच राहिला. गल्लीत आल्यावर त्याची वर्गातली भाषा सुटत असे. "ते रेघ... नत्थुजीनं वाकडी नाई मारली. मी टेप खोटी धरली. तुयी गाडी माह्यामुळं गेली."

दुर्गाबाईचं सूप क्षणभर थांबलं, पुन्हा चालू झालं.

"मले ठाऊक हाये," ती म्हणाली. "मी समोरच तं बसली होती. तू तीनदा मांगं सरकला."

"मंग त्या साहेबाले सांगतलं काहून नाई?"

"काय सांगू? का आमचे मास्तर त्या ठेल्यामांगं सिगरेट पेतेत, म्हून त्यायनं तो ठेला वाचवला?" ती सुपातले खडे वेचू लागली. "तुया बापानं गाठी उचलून तुले मास्तर केलं. चार लोकांत तुयं नाव कसं घेऊ मी?"

 धर्मपालने विचारलं, "तुले माहीत होतं, मी पेतो ते?"

"अकरा सालं झाले." दुर्गाबाईने पहिल्यांदा वर पाहिलं. "मी तोंड ठेल्याकडं करून बसली असती, तं तुले न पेताच जा लागलं असतं. म्हून सुट्टीची घंटी झाली का मी स्टूल फिरवत होती."

ऊन नव्हतंच ते. धर्मपाल त्या स्टुलाकडे पाहत राहिला. अकरा वर्षं ही बाई त्याची लाज राखायला भिंतीकडे तोंड करून बसली, आणि त्याने तिचीच गाडी रेघेत धरून दिली. ओट्यावरच्या कोंड्याने त्याचे डोळे चुरचुरले, असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं. ते काही खरं नव्हतं.

सोमवारी त्याने कुंदा मॅडमना सगळं सांगितलं, त्या दोन शब्दांपासून. मॅडमनी प्रमाणपत्राकडे पाहिलं. म्हणाल्या, "सर, आता मिळालंय तर कशाला उकरता? हळूच सरळ करून टाका रेघ. कोणाला कळायचं नाही." धर्मपाल म्हणाला, "कळलं पाहिजे, मॅडम." हे म्हणताना तो काही ताठ वगैरे उभा नव्हता. त्याच क्षणी त्याला एका झुरक्याची भयंकर तलफ आली होती.

शाळा सुटायच्या वेळी, फाटकात पालक उभे असताना, त्याने काळा आणि पिवळा रंग आणवला. नत्थुजीला टेपचं शून्य दिलं आणि पुढचं टोक आपण घेतलं. कोणीतरी सवयीने नत्थुजीला टोमणा मारलाच. धर्मपाल वाकलेला होता, उभा राहिला. "नत्थुजींची रेघ बरोबर होती," तो म्हणाला, "मोजणारा खोटा होता. मी सिगारेट ओढतो. माझा ठेला वाचवायला मी खोटं मोजलं."  सातवीतल्या दोन मुली एकमेकींकडे पाहून तोंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्या मुलींनी मागच्याच आठवड्यात त्याच्या फुप्फुसाचं चित्र वहीत उतरवलं होतं. त्यांचे ते हात धर्मपालला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त लागले.  नत्थुजीने ब्रश धर्मपालच्या हातात दिला, रेघ मारायला.

पुंजाराम ठेला उचलून वळणापलीकडे गेला. जाताना म्हणाला, "सर, निदान आधी सांगाचं होतं." तेही खरंच होतं. दुर्गाबाईची गाडी दंड भरून सुटली. दंड धर्मपालने भरला, तिने भरू दिला. गाडी जुन्याच जागी लागली, आता फक्त फुटाणे, मुरमुरे आणि बिस्किटं. काळ्या रंगाखालून जुनी तिरपी रेघ अजून दिसते, नव्या सरळ रेघेच्या शेजारी. काळ्याचा आणखी एक थर द्यायला धर्मपालने नत्थुजीला सांगितलं नाही.

सिगारेट सुटली असं म्हणून ही गोष्ट संपवता आली असती, पण सुटली नाही. परवाच मधल्या सुट्टीत तो वळणापलीकडून एक घेऊन आला आणि रेघेच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, उघड्यावर उभा राहिला. पडदा नव्हता, आणि आता लपवायचंही काही नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं. काडी पेटवायला त्याने मान खाली घातली तेव्हा समोर लाकूड घासल्याचा आवाज झाला.

दुर्गाबाई उठली होती. तिने स्टूल उचललं, फिरवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. फुटाण्यांचं ताट मांडीवर घेतलं.

काडी बोटापर्यंत जळत आली. धर्मपालने ती टाकली, न पेटवलेली सिगारेट खिशात घातली आणि तिच्या पाठीकडे पाहत घंटा होईपर्यंत तिथेच उभा राहिला.