मी डिझाइन केलेल्या सीटवर आज मीच बसलो

मित्रांनो, आज सकाळी पाटसला जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

मी विद्यापीठात डिझाइन शिकवतो. त्याआधी बारा वर्षं ट्रॅक्टरच्या कंपनीत होतो. मुलांना त्याचं भारी कौतुक. आज त्यांना ऊस वाहतूक दाखवायला नेलं होतं.

एका ट्रॅक्टरच्या सीटवर गोधडीची घडी दोरीनं बांधलेली होती. चालक रशीदचाचा, वय साठीच्या पुढं. एका विद्यार्थिनीनं विचारलं, "चाचा, गोधडी कशाला?"

"कंबर धरती, पोरी. ही शीट करणारा कवा ढेकळातनं गेलाच न्हाई वाटतं."

मुलं हसली. ती सीट मीच डिझाइन केली होती. मुलांना हे ठाऊक नव्हतं, गप्प राहता आलं असतं. पण तोंडातून निघालंच, "चाचा, ती मीच केलीय."

चाचा एकदम ओशाळले. "माफ करा सर, बोलून गेलो."

"माफी मी मागायची, चाचा. गोधडी काढून मला एक फेरी मारू द्या."

त्यांनी स्वतः दोरी सोडली. मी रानातून ट्रॅक्टर चालवला, ते शेजारी उभे. उतरताना कंबरेतून कळ निघाली. चाचांनी पाठीवर हात ठेवला.

"लई लागलं का? आसू द्या. आता ह्या लेकरांना नीट शिकवाल तुम्ही."

इतक्या मायेनं माझी चूक मला कुणी दाखवली नव्हती. तुमचं काम रोज वापरणारा माणूस तुम्हाला कधी भेटलाय? काय म्हणाला तो?