गॉगलातली गाय

कॅन्सर बायकोला झाला होता. दवाखान्यात हसं मात्र माझं झालं.

दुसऱ्या केमोनंतर शालनने जाहीर केलं, "आता मी न्हाय येणार. त्या सुईचं नाव काढलं तरी पोटात ढवळतंय." आणि डॉक्टरांनी तर उपचार अर्धवट सोडायचे नाहीत असं बजावलेलं. शेवटी हातापाया पडून (आणि येताना भेळेची लाच कबूल करून) तिला कसंबसं नेलं. तर सिस्टर एक भलामोठा काळा गॉगल घेऊन हजर!

"काकू, हे घातलं की समोर हिरवंगार रान दिसतंय. सुईकडं लक्षच जात न्हाय. आणि ह्याचे पैसे न्हाईत."

पैसे न्हाईत! माझ्या कपाळाला आठी पडली. मी जन्मभर शिवाजी पेठेत म्हशी पाळलेला माणूस. बाजारात 'म्हैस लई गरीब हाय, पावणं' असं कुणी म्हणालं, की आधी तिच्या मागच्या पायांपासून लांब उभं राहायचं, ही आमची शिकवण.

"डोळं झाकून काय टोचणार हाय तुमी? आदी मी बघणार!"

"अवो, सुई मला हाय का तुमास्नी?" शालन कावली.

"तू गप. दावायचं एक आन् करायचं एक, असलं लई बघितलंय."

गॉगल चढवला. खरंच की! कुठलं तरी परदेशातलं कुरण आणि अगदी पुढ्यात एक गाय. तरीही मी संशयाने तिला खुरापासून शिंगापर्यंत न्याहाळलं आणि हादरलोच. कास तटतटलेली, आणि धार काढायला आसपास चिटपाखरू नाही! आता सांगा, दुधाच्या धंद्यातला माणूस स्वस्थ बसेल?

मी उकिडवा बसलो. "सर गं बाई," म्हणत पाठीवर थाप मारली. चक्क पाठ लागली! (ते राउंडला आलेले डॉक्टर होते. मला काय झालं ते बघायला वाकले होते.) खाली चाचपलं तर दोन सडही हाताला लागले. मी अंगठा मुडपून सुरुवात केली.

"काका, सोडा! स्टेथोस्कोप हाय माझा!"

"पान्हा चोरतीया, सिस्टर! चरवी आणा!"

तेवढ्यात खो खो हसणं ऐकू आलं. शालन! आजार कळल्यापासून ती हसलीच नव्हती. मला भडभडून आलं. डोळ्यांवर गॉगल होता म्हणून अब्रू वाचली. त्या हसण्यात सिस्टरने सुई लावूनसुद्धा टाकली.

पुढच्या केमोला शालनच माझ्याआधी रिक्षात जाऊन बसली. सिस्टरने गॉगल पुढे केला, तर म्हणते कशी, "मला नगं. ह्यास्नी घाला."

तेव्हापासून सुई तिला आणि गॉगल मला, असंच चाललंय. डॉक्टर म्हणतात, उपचार चांगला लागू पडतोय. कुणाला, ते मात्र मुद्दाम सांगत नाहीत!