रामटेकेभाऊंचा उलटा बाजार

बसमध्ये एखाद्या शेअरचं नाव चौघांच्या तोंडी आलं, की रामटेकेभाऊ तो विकायला काढत. जवाहरनगरला ड्यूटीवर नेणारी आमची कारखान्याची बस म्हणजे चालतंबोलतं शेअर मार्केटच होतं. फोरमनने घेतला म्हणून फिटर घ्यायचा, फिटरने घेतला म्हणून आम्ही. भाऊ खिडकीशी डोळे मिटून बसत. झोपलेत असं वाटायचं, पण ऐकत सगळं.

त्यांची रीत ठरलेली होती. "कंपनी सगळ्यात शेवटी पाहाची, बाबू. आधी व्याजदर पाहाचा, मंग तेलाचा भाव, मंग सरकार किती कर्ज काढून राहिली ते." व्याज उतरेल असं वाटलं की ते सरकारी रोखे घेऊन ठेवत, कारण व्याज उतरलं की जुन्या रोख्यांचा भाव चढतो. आम्हाला ही पेन्शनरांची कामं वाटायची. बाजार चढत राहिला आणि भाऊ रोखे धरून बसले, तेव्हा बसभर त्यांची टिंगल झाली. त्यांना राग येत नसे, थकवा मात्र दिसे. बरोबर ठरेपर्यंत मानूस येडाच असते, एवढंच ते म्हणत.

नामदेव मेश्राम हा त्यांचा भंडाऱ्याजवळच्या शहापूरचा बालमित्र. मासेमारी करणाऱ्या ढिवराच्या घरचा, तळ्यावर वाढलेला. रिटायर झाल्यावर त्याने फंडाचा सगळा पैसा शेअरमध्ये घातला. त्याचं म्हातारपण त्यावरच होतं. भाऊंनी त्याच्या अंगणात बसून अख्खी संध्याकाळ त्याला समजावलं. "सब्बन ज्या कोपऱ्यात जाळं टाकून राहिले, तिथं तुहा बाप जात होता का?" नामदेव हसला आणि त्याने विषय बदलला.

पुढे बाजार कोसळला. नामदेव घाबरून सगळं विकायला निघाला, तेव्हा भाऊ धावत त्याच्याकडे गेले. आता विकू नको म्हणाले. सारेच भ्यालेत, व्याज उतरलंय, भाव चढलेले रोखे मोडून मी स्वतः स्वस्तातले शेअर घेतोय. इतकी वर्षं 'सावध राहा' म्हणणारा माणूस नेमका आज 'घे' म्हणतोय, हे नामदेवला जखमेवर मीठ चोळल्यासारखं वाटलं. त्याने तोट्यात सगळं विकलं. बाजार पुन्हा वर आला, भाऊंच्या पैशाचं सोनं झालं. नामदेव भंडाऱ्याला एका भांड्यांच्या दुकानावर वॉचमन लागला.

भाऊंनी मदत देऊ केली, ती त्याने घेतली नाही. तरी भाऊ त्याच्या अंगणात जाऊन बसत. एकदा मीही सोबत होतो. नामदेव मान खाली घालून म्हणाला, "तू चुकला असता, तर आपण दोघं मिळून रडलो असतो. तू बरोबर निघाला. आता येत नोको जाऊ." भाऊ उठले. चपला घालताना त्यांचा हात भिंतीवर होता.

त्यानंतर भाऊंनी बाजाराचं नाव घेणंच सोडलं. यंदा मी रिटायर झालो. पैसा कुठे ठेवू, हे विचारायला त्यांच्याकडे गेलो. व्याजाचं काय होईल, तेलाचं काय होईल, त्यांना सगळं दिसत असणार. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सारे करतेत तेच कर, बाबू. बुडला तरी सोबतीले लोक राहतीन."